स्मरणग्रंथासाठी वर्ड, पेजमेकर की इनडिझाइन?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या आपल्या ग्रंथालयाला ७५ वर्षे पूर्ण होत असून त्यानिमित्त सुमारे २४० पानांचा स्मरणग्रंथ काढायचा आहे. त्यात लेख आहेत, जुनी छायाचित्रे आहेत, आजीव सभासदांची लांबलचक यादी आहे आणि जमाखर्चाचे काही तक्तेही आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या वेळचे लेख श्री-लिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइलींत आहेत, नवे काही लेख वर्डमध्ये, काही थेट व्हॉट्सअ‍ॅपवर आणि काही हाताने लिहून आलेले आहेत. मुद्रक म्हणतो ‘पेजमेकरमध्ये द्या’, कार्यकारिणीतले एक सभासद इनडिझाइन हे पाने लावण्याचे सॉफ्टवेअर विकत घ्या म्हणतात, आणि आपल्या कार्यालयात वर्ड आधीपासूनच आहे. तर यांपैकी नेमके काय घ्यावे?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: आपण बहुधा काहीही विकत घेऊ नये. गिरगावात बरीच वर्षे अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी केल्यावर माझे असे मत झाले आहे की, संस्थांची पुस्तके चुकीच्या सॉफ्टवेअरमुळे क्वचितच रखडतात. ती रखडतात, कारण मजकूर चार ठिकाणी चार रूपांत पडलेला असतो आणि शेवटच्या आठवड्यात त्यात दुरुस्ती कोणी, कोणत्या फाइलीत करायची हे कोणी ठरवलेले नसते. मजकूर तयार करणे आणि पाने लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले तुमच्या समितीचे आहे, दुसरे मांडणी करणाऱ्याचे. प्रत्येक कामाला त्याचे हत्यार वेगळे, आणि आपला प्रश्न अवघड वाटतो तो दोन्ही कामे एकाच हत्याराने उरकायची आहेत असे गृहीत धरल्यामुळे.

अर्थात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. छायाचित्रे प्रत्येक लेखात विखुरलेली आहेत की एका गुळगुळीत कागदाच्या स्वतंत्र विभागात येणार आहेत? प्रती दोनशे काढायच्या की दोन हजार? पुढेमागे ई-पुस्तक काढायचा विचार आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समितीत संगणकावर रोज बसणारी एक तरी व्यक्ती आहे का? छायाचित्रे वेगळ्या विभागात असतील आणि प्रती थोड्याच असतील, तर पुढे मी सांगतो त्यातला निम्मा खटाटोप वाचेल.

आता मुद्रकाच्या मागणीकडे येतो. पेजमेकर हा पानांच्या मांडणीचा संगणकीय कार्यक्रम १९८५ साली अल्डस कंपनीने आणला, १९९४ मध्ये ती कंपनी अ‍ॅडोबीकडे गेली आणि पेजमेकरची शेवटची म्हणजे सातवी आवृत्ती २००१ साली निघाली. मराठी छपाईच्या धंद्याने त्यावर दोन दशके काढली. श्री-लिपी, आयएसएम, आकृती यांच्या फॉन्टांसह तो उत्तम चालत असे, आणि म्हणूनच अनेक लहान छापखान्यांत आजही एक जुना संगणक केवळ त्याच्यासाठी जपून ठेवलेला दिसतो. ऑपरेटरचा हात त्यावर बसलेला असतो आणि जुन्या पुस्तकांच्या फाइली त्यातच असतात, त्यामुळे त्यांची मागणी हट्टाची आहे असे मी म्हणणार नाही. परंतु पेजमेकरला युनिकोड, म्हणजे सर्व लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारी आजची प्रमाण पद्धत, कळत नाही. वर्डमधला युनिकोड लेख त्यात चिकटवला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. म्हणजे मुद्रकाचे म्हणणे मान्य केले, तर आपल्याकडे आज युनिकोडमध्ये असलेले सर्व लेख उलट दिशेने जुन्या फॉन्टमध्ये न्यावे लागतील किंवा पुन्हा टंकावे लागतील, आणि पुस्तक छापून झाल्यावर आपल्या हातात उरेल तो मजकूर शोधता येणार नाही, संकेतस्थळावर टाकता येणार नाही आणि शताब्दीच्या वेळी कोणाला उघडताही येणार नाही.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर असे काही नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, आणि फॉन्ट फक्त त्यांच्यावर काना, मात्रा, अर्धा क अशा आकारांचे मुखवटे चढवतो. फॉन्ट काढून घेतला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. आपल्या सभासदांच्या यादीचा विचार करा. ती अकारविल्हे लावायची म्हटली तर जुन्या फॉन्टमधली यादी यंत्र इंग्रजी क्रमांकांप्रमाणे लावील आणि ‘आपटे’ कुठेतरी ‘सावंतां’च्या शेजारी जाऊन बसतील. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे यादी बरीचशी आपोआप लागते. तरीही क्ष आणि ज्ञ यांनी सुरू होणारी नावे यंत्राने क आणि ज यांच्यात घातली नाहीत ना, आणि ‘ळ’ योग्य जागी गेला ना, एवढे शेवटी डोळ्यांनी पाहावे.

म्हणून पहिले काम: सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणणे. श्री-लिपीच्या किंवा आयएसएमच्या फाइली युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक मिळतात, काही फुकटही आहेत; मात्र त्यांच्यातून बाहेर पडलेला मजकूर प्रत्येक वेळी मूळ छापील प्रतीशी ताडून वाचावा लागतो. चुका कुठे होतात हे ठाऊक असले की वाचन लवकर होते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे उलटे आहे: जुन्या पद्धतीत तो ज्या अक्षरावर दिसतो त्याच्यानंतर टंकतात, युनिकोडमध्ये तो त्या अक्षराच्या आधी येतो. परिवर्तकाला ही उलटापालट दर शब्दाला करावी लागते. ‘वर्गणी’ बहुधा ठीक येते, पण ‘सर्वांना’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर बसतात; काही जुन्या फॉन्टांत त्या दोहोंसाठी मिळून एकच खूण असते, आणि परिवर्तकाला ती ओळखता आली नाही तर दोहोंपैकी एक गळतो किंवा शेजारच्या अक्षरावर सरकतो. जोडाक्षराला लागलेली ऱ्हस्व वेलांटी, अवतरणचिन्हे आणि अंक हीदेखील अशीच हमखास जागा. दोन पाने काळजीपूर्वक तपासली की त्या फाइलीतल्या चुकांची जात कळते, आणि मग ‘शोधा आणि बदला’ने बरेच काम उरकते. हस्तलिखिते मात्र सरळ युनिकोडमध्येच टंकून घ्या; टंकणाऱ्याला इनस्क्रिप्ट कळफलक येत असेल तर उत्तमच, न येत असेल तर उच्चाराप्रमाणे टंकण्याचा कळफलकही चालेल, कारण फाइलीत साठणारे वर्ण एकच असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लेखांची घाण वेगळी असते. ‘दुःख’मधल्या विसर्गाच्या जागी अपूर्णविराम, शून्याच्या जागी इंग्रजी ओ, दोन शब्दांत दोन-तीन मोकळ्या जागा. एक बारीक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती डोळ्यांना दिसत नाही: ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतला र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखे उमटतात, पण ‘दुसऱ्या’ शोधायला गेलात तर निम्मेच सापडतात, आणि काही कार्यक्रमांतून मजकूर नेताना ते अदृश्य चिन्ह गळून ‘दुसर्या’ असे रूप उरते, ज्यात य वर उगाच रफार चढतो. सारा मजकूर एकत्र झाल्यावर एकदाच सगळीकडे पहिला प्रकार करून घ्यावा.

हे सर्व करायला वर्ड पुरेसे आहे, आणि वर्ड नसेल तर लिब्रे ऑफिस तितकेच पुरेसे आहे. ते फुकट आहे आणि देवनागरी चांगली दाखवते. समितीतले तिघे-चौघे वेगवेगळ्या उपनगरांतून काम करणार असतील, तर वाचन आणि शेरे यांच्यासाठी गूगल डॉक्स सोयीचे पडते, पण अंतिम प्रत एकाच व्यक्तीच्या एकाच फाइलीत राहू द्या. या टप्प्यावर दिसण्याकडे लक्ष देऊ नका. फक्त प्रत्येक परिच्छेदाला त्याची स्टाइल लावा: लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव, उपशीर्षक, मजकूर, उतारा, छायाचित्राखालची ओळ. शीर्षक निवडून ते हाताने ठळक आणि मोठे करण्याची सवय मोडायला वेळ लागतो, पण पुढे मांडणीच्या कार्यक्रमात हीच स्टाइलची नावे ओळखली जातात आणि पुस्तकातली सर्व शीर्षके एका बदलात बदलतात. अनुक्रमणिकाही त्यांच्यावरूनच तयार होते.

इथे अनेकजण अडखळतात त्या एका ठिकाणाचा उल्लेख करतो. वर्ड आणि लिब्रे ऑफिस ही दोन्ही देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतात आणि तिचा फॉन्ट, आकार व ठळकपणा इंग्रजीपेक्षा वेगळ्या रकान्यात ठेवतात. वरच्या पट्टीतून आकार बदलूनही मराठी मजकूर हलत नसेल, तर वर्डमध्ये कंट्रोल आणि डी दाबून उघडणाऱ्या चौकटीतला तो दुसरा रकाना पाहावा. लिब्रे ऑफिसमध्ये भाषेच्या पर्यायांत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून भाषा मराठी निवडावी.

आता पानांची मांडणी. छायाचित्रे, तक्ते आणि २४० पाने असा आपला ऐवज पाहता मी ही पाने इनडिझाइनमध्ये लावून घेईन, पण ते विकत न घेता. हा कार्यक्रम आता केवळ वर्गणी भरून मिळतो, आणि एका पुस्तकासाठी तो घेऊन वर शिकत बसण्यात अर्थ नाही. दादर, लोअर परळ, फोर्ट या भागांत पुस्तकांची मांडणी करून देणारे अनुभवी लोक आहेत; त्यांना दर पानामागे किती घेणार आणि त्यात दुरुस्तीच्या किती फेऱ्या धरल्या आहेत, हे दोन्ही आधी लेखी विचारावे. पहिल्या भेटीत आणखी एक गोष्ट तपासावी. आपल्या युनिकोड मजकुराची दोन पाने, एक तक्ता आणि एक छायाचित्र देऊन समोर बसून एक नमुना लावून मागावा. इनडिझाइनमध्ये देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी पॅरॅग्राफ कंपोजर’ निवडावा लागतो. तो निवडला नसेल तर वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडतात आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहतात. ज्याने आजवर फक्त जुन्या फॉन्टांवर काम केले आहे तो हे पाहून ‘युनिकोड इनडिझाइनमध्ये चालत नाही’ असे सांगेल आणि मजकूर पुन्हा श्री-लिपीत नेण्याचा सल्ला देईल. सीएस ६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ते व्यवस्थित चालते. असा सल्ला मिळाला तर नम्रपणे दुसरीकडे जावे.

फॉन्टच्या निवडीत आपले मत आग्रहाने मांडा, कारण ती बाजू ऑपरेटरवर सोडली तर जे पुढ्यात असेल ते वापरले जाते. विंडोजबरोबर येणारा मंगल पडद्यावर वाचायला बरा असला तरी पुस्तकाच्या मजकुराला मी तो वापरत नाही. शिवाय त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श स्वीकारले आहेत, आणि ग्रंथालयाच्या पुस्तकात तरी तेच दिसावेत असे मला वाटते. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठरवली की मराठी रूप येते, पण हा भरवसा प्रत्येक कार्यक्रमात धरता येत नाही, म्हणून मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट निवडणे बरे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. तिरो देवनागरी मराठी हाही मजकुरासाठी देखणा आहे. त्याच्या हिंदी आणि संस्कृत अशा वेगळ्या आवृत्त्या असल्यामुळे नाव नीट पाहून घ्यावे. त्यात ठळक वजन (म्हणजे जाड अक्षर) नाही, तेव्हा शीर्षकांना दुसरा फॉन्ट लागेल. मुंबईच्याच एक टाइपचा मुक्ता सात वजनांत मिळतो. डेमी १/८ म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पानाला १३ पॉइंटचा मजकूर आणि १८ पॉइंटचे ओळींतले अंतर इथून सुरुवात करावी आणि आपल्या ज्येष्ठ वाचकांना एक पान वाचायला देऊन मग ठरवावे. दोन स्तंभांची मांडणी शक्यतो टाळा. प्रत्यय लागून मराठी शब्द लांब होतात, आणि अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हटल्या की ओळींमध्ये पांढरी भगदाडे पडतात.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. छायाचित्रे वेगळ्या विभागात गेली आणि तक्ते साधे असले, तर लिब्रे ऑफिसमध्येच पाने लावून पीडीएफ काढणे अगदी शक्य आहे. अशी नीटनेटकी पुस्तके मी पाहिली आहेत. फक्त मुद्रकाला कधीही वर्डची फाइल देऊ नका. त्याच्या संगणकावर फॉन्ट किंवा आवृत्ती वेगळी असली की ओळी सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक खोटे ठरतात. स्क्रायबस हा मांडणीचा फुकट कार्यक्रम २०१७ मधल्या १.५.३ आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळवतो. पत्रके आणि लहान पुस्तिका यांसाठी तो चांगला आहे, पण तक्त्यांनी भरलेल्या मोठ्या ग्रंथासाठी मी तो सुचवणार नाही. लाटेक्सचा, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पाने जुळवण्याच्या पद्धतीचा, आपण उल्लेख केलेला नाही, तरी कोणीतरी सुचवेलच: तिच्या झीलाटेक्स या प्रकारातून मराठीची पाने सुरेख निघतात आणि तळटिपा, सूची यांत त्याला तोड नाही, परंतु ते ज्याला येते त्यानेच वापरावे, आणि समितीतल्या बाकीच्यांना त्यात एक ओळही दुरुस्त करता येणार नाही.

तर क्रम असा: सर्व लेख युनिकोडमध्ये, एका माणसाच्या ताब्यातल्या एका फाइलीत, स्टाइल लावून, मुद्रितशोधन तिथेच पूर्ण, मग इनडिझाइनमध्ये मांडणी, मग पीडीएफ. यात मुद्रितशोधन आधीच पूर्ण करण्याची पायरी आपल्या हातात आहे आणि तीच सर्वांत जास्त वेळा मोडली जाते. पाने लागल्यावर कार्यकारिणीतले एखादे ज्येष्ठ सभासद आपल्या लेखात दोन नवे परिच्छेद घालायला सांगतात, आणि नाही म्हणवत नाही. डेमी १/८ पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांत, छापले जाते, म्हणून २४० पाने म्हणजे बरोबर १५ फर्मे. ती २४३ झाली तर तीन पानांसाठी सोळाव्या फर्म्याचा खर्च येतो, किंवा तीन पानांची काटछाट करावी लागते आणि ती कोणाच्या लेखात करायची यावर बैठक बसते. त्यामुळे मांडणीला देण्यापूर्वी प्रत्येक लेखकाची सही असलेली छापील प्रत घ्या, आणि मांडणीनंतर फक्त शुद्धलेखनाच्या व तपशिलाच्या चुका दुरुस्त होतील असे कार्यकारिणीत आधीच ठरवून इतिवृत्तात नोंदवा.

छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने मागवू नका. तिथे ती आक्रसतात. लांब बाजूला १६०० पिक्सेल असलेले चित्र ३०० डीपीआयने (इंचामागे ३०० ठिपक्यांनी) सव्वापाच इंच लांबीच्या आसपासच नीट छापता येते, म्हणजे साडेआठ इंच उंच पानभर मोठे करायला गेलात की धूसर होते. जुने फोटो शक्यतो गोळा करून स्कॅन करा. पाठवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

छपाईला द्यायच्या पीडीएफमध्ये सर्व फॉन्ट अंतर्भूत आहेत आणि कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना बाहेर तीन मिलिमीटर जास्तीची जागा सोडली आहे, हे मांडणी करणाऱ्याकडून पाहून घ्या आणि पूर्ण छपाईपूर्वी निदान एका फर्म्याचा छापील नमुना मागा. काम संपल्यावर पैसे चुकते करण्याआधी त्याच्याकडून इनडिझाइनची मूळ फाइल जोडलेल्या चित्रांसह, वापरलेल्या फॉन्टांची नावे आणि अखेरच्या दुरुस्त्यांसह बाहेर काढलेला साधा मजकूर घेऊन ठेवा. पानांवर झालेल्या दुरुस्त्या आपल्या वर्डच्या फाइलीत परत येत नाहीत, म्हणून हा शेवटचा मजकूरच खरी प्रत समजावा. ई-पुस्तक काढायचे ठरले तर ते त्याच्यावरूनच निघेल. करार करतानाच या गोष्टी त्यात लिहून घ्या, कारण नंतर मागितल्या की अनेकदा त्यांचे वेगळे पैसे सांगितले जातात.